गोळीचा वार

आपल्याकडे वार पाळायला कुणाला शिकवावं लागत नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. गावच्या बाजाराचा वार तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही पाठ असतो.

तुमच्या घरात कुणाला वाढीच्या हार्मोनचा आजार असेल आणि डॉक्टरांनी कॅबरगोलिन नावाची गोळी लिहून दिली असेल, तर त्या गोळीलाही असाच एक वार द्या. कारण ही गोळी बहुतेकांना रोज घ्यायची नसते. काहींना आठवड्यातून एकदा, बऱ्याच जणांना दोनदा. सगळा घोळ तिथेच होतो.

आधी आजार समजून घ्या. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खालच्या अंगाला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पियुषिका म्हणतात, दवाखान्यात पिट्युटरी म्हणतात. तिच्यात कधी कधी गाठ होते. ही गाठ जवळजवळ कधीच कॅन्सरची नसते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगा. ‘डोक्यात गाठ’ एवढं ऐकूनच घर हाय खातं. पण ती गाठ वाढीचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त सोडत राहते. लहानपणी असं झालं तर मूल ताडासारखं वाढतं. मोठेपणी हाडांची लांबी वाढायची थांबलेली असते. मग हात-पाय रुंद होतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, घोरणं वाढतं, बसल्या जागी घाम फुटतो. या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. कुस्तीतला खली तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्याच्या याच ग्रंथीतली गाठ 2012 मध्ये ऑपरेशन करून काढली होती.

हा आजार चोरपावलांनी येतो. लग्नातली अंगठी बोटात जाईना. जोडवी रुतायला लागली. सात नंबरची चप्पल लागायची, आता नऊही घट्ट. रोज बघणाऱ्या घरच्यांना यातलं काही दिसत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या पाव्हण्याला दिसतं. तो म्हणतो, “तुमचा चेहरा बदलला हो.” त्याचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. लग्नातला फोटो काढा, आजचा त्याच्या शेजारी ठेवा, आणि दोन्ही घेऊन दवाखाना गाठा. या आजारात जुना फोटो डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो.

आजार दुर्मीळ आहे. जगभरचा साधारण अंदाज असा, की दर दहा लाख माणसांत वर्षाला तीन-चार नवे रुग्ण सापडतात. 2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात 33 लाख 61 हजार आणि लातूर जिल्ह्यात 24 लाख 54 हजार माणसं होती. ढोबळ हिशेब केला तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला वीसेक. म्हणजे तुमच्या गावात, किनवटला किंवा निलंग्याला, याच आजाराचा दुसरा माणूस बहुधा भेटणार नाही. बीपी-शुगरचं कसं, शेजारी विचारलं तरी चार अनुभव मिळतात. इथे तसं नाही. म्हणून हे इतकं फोड करून लिहितो आहे.

पहिला उपचार बहुतेक वेळा ऑपरेशन. ते नाकातून करतात, डोकं उघडावं लागत नाही. त्यानंतरही हार्मोन जास्त राहिलं तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात. ती महाग आहेत. आणि हार्मोन थोडंच जास्त असेल, तर ही कॅबरगोलिनची गोळी. कधी एकटी, कधी इंजेक्शनच्या जोडीला.

आता वार ठरवू.

ही गोळी पोटात अन्न असताना घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, उलटी येते, गरगरतं. म्हणून तुमच्या उपवासाचा वार गोळीला देऊ नका. सोमवार धरत असाल तर सोमवार नको, गुरुवार धरत असाल तर गुरुवार नको. आठवड्यातून दोनदा घ्यायची असेल तर मध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा, जसं रविवार आणि बुधवार. गोळीच्या दिवशीच एकादशी आली, तर फराळावर गोळी घ्यायची की एक दिवस पुढे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ज्यांच्या घरी रोजे असतात त्यांनी इफ्तारनंतरच्या पोटभर जेवणासोबत घ्यावी.

वेळ रात्रीची बरी. भाकरी-वरण, खिचडी-कढी, जे असेल ते नीट जेवा. जेवणासोबतच गोळी घ्या आणि झोपा. मळमळ आणि चक्कर झोपेत निघून जाते.

सुरुवातीच्या दिवसांत आणि डोस वाढवला की उठताना चक्कर येऊ शकते. गोळीने रक्तदाब खाली येतो. सकाळी बाजेवरून झटक्यात उठू नका. आधी कुशीवर वळा. मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा. मगच उभे राहा. रात्री लघवीला उठतानाही असंच.

शेतकऱ्यांना एक वेगळं सांगणं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल, तर गोळीच्या रात्री मोटार चालू करायला तुम्ही जाऊ नका. मुलाला पाठवा, भावाला सांगा. अंधार, विहिरीचा काठ आणि गरगरणारं डोकं, यातलं तिसरं तुमच्या हातात नसतं. पहिले काही डोस मोटारसायकलही लांब ठेवा. दारू तर नकोच. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा अंगातलं पाणी कमी होतं आणि चक्कर वाढते. ताक, पाणी पीत राहा. बीपीच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर डॉक्टरांना त्या दाखवा, कारण दोन्ही मिळून रक्तदाब फार उतरू शकतो.

गोळी चुकली तर? एक-दोन दिवसांत आठवलं तर जेवणासोबत घेऊन टाका. पुढच्या गोळीचा वार उद्यावर आला असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका. या औषधाचा अंमल अंगात बरेच दिवस राहतो, म्हणूनच ते आठवड्याच्या हिशेबाने देतात. एक गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही. सलग चार आठवडे चुकल्या तर मात्र औषध घेतो म्हणण्यात अर्थ नाही.

याच्या उलटी चूक जास्त वाईट. घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, म्हणून हीसुद्धा रोज घेतली जाते. स्ट्रिपवर पेनाने ठळक लिहा: “रोज नाही.” खाली वार लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारांना गोल करा आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारा. लिहिता येत नसेल तर नातवाकडून करून घ्या. त्याला मजा वाटते आणि तो विसरत नाही. डॉक्टरांनी काही कारणाने तुम्हाला जास्त वेळा घ्यायला सांगितलं असेल, तर चिठ्ठीवर आहे तेच खरं.

मेडिकलमध्ये घेताना नुसतं नाव नाही, आकडाही बघा. 0.25 आणि 0.5, दोन्ही मिळतात. मागच्या वेळची रिकामी स्ट्रिप सोबत न्या आणि जुळवून बघा. फिटच्या आजारावर कार्बामाझेपिन नावाची गोळी असते. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर दोन्ही नावं सारखी दिसू शकतात. मोठ्याने वाचून घ्या. विचारायला लाजू नका.

लाजेवरून आठवलं. ही गोळी बाळंतिणीचं दूध थांबवण्यासाठीही देतात. त्यामुळे पुरुष माणूस ती मागायला गेला की काउंटरवरचा पोरगा कधी कधी चिठ्ठीकडे दोनदा बघतो. घरात कुणी वहिनी म्हणते, “अहो, ही तर मला दिली होती!” आणि गडी त्या दिवसापासून गोळी बंद करतो. असं करू नका. दूध आणणारं हार्मोनही त्याच पियुषिका ग्रंथीतून येतं, आणि ही गोळी त्या ग्रंथीवर काम करते. एकाच विहिरीवरून दोन पाट निघावेत तसं हे आहे. तुमच्यासाठी ती दुसऱ्या पाटाचं पाणी कमी करते.

बायांनी याची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. या आजारात बंद पडलेली पाळी औषधाने परत येऊ शकते. पाळी यायच्या आधीच दिवसही जाऊ शकतात. मूल हवं असेल तरी आणि नको असेल तरी, आधी डॉक्टरांशी बोला. पाळी चुकली तर लगेच सांगा. अंगावर बाळ पीत असेल तर विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका, दूध आटेल. आणि स्वतःची गोळी शेजारणीला देऊ नका, तिने कितीही मागितली तरी.

आता दुसऱ्या औषधांचं बघू. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण आपण ॲसिडिटीची आणि डोकेदुखीची गोळी भाजीसारखी विकत घेतो.

मळमळतंय म्हणून तुम्ही मेडिकलमध्ये जाता. तो ॲसिडिटीची कॅप्सूल देतो. त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलच्या नावामागे ‘डी’ लागलेला असतो. तो ‘डी’ बहुधा डोमपेरिडोनचा. डोमपेरिडोन आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, ही दोन्ही औषधं कॅबरगोलिनच्या नेमकी उलट दिशेने ओढतात. बैलगाडीला एक बैल पुढून आणि एक मागून जुंपल्यासारखं होतं. गोळीने मळमळतंय म्हणून घेतलेलं औषध गोळीलाच निकामी करतं, आणि तुम्हाला वाटतं की गोळी लागू पडली नाही.

डोकं दुखणं या आजारात नेहमीचंच. अर्धशिशीवरच्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं. तुमच्या गोळीसोबत ते चालत नाही. इथे शेतकऱ्याला पटेल अशी एक गोष्ट आहे. बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, ते तुम्ही पाहिलं असेल. अशीच एक बुरशी थंड देशांत राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातल्या द्रव्यांपासून औषधांचं एक अख्खं कूळ निघालं. अर्गोटामिन त्यातलंच, कॅबरगोलिनही त्यातलंच. सख्ख्या भावांसारखी ही दोन औषधं एकदम पोटात गेली की रक्तवाहिन्या आवळायची भीती वाढते. डोकं दुखलं तर काय घ्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तेवढंच घ्या.

घसा धरला, खोकला झाला, तर एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं टाळायची, त्यांनी कॅबरगोलिन अंगात वाढतं. घरातल्या माणसाला मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. त्यातलं कुठलंच स्वतःहून बंद करू नका.

शुगर असलेल्यांनी सावध राहा, पण आनंदाने. वाढीचं हार्मोन जास्त असलं की शुगर वाढते. ते खाली आलं की शुगरही उतरते. म्हणजे शुगरची जुनी गोळी किंवा इन्सुलिन आता जास्त पडू शकतं. हात थरथरले, घाम सुटला, एकदम भूक लागली, तर तोंडात साखर घाला आणि डॉक्टरांना कळवा. डोस कमी करायची वेळ आली असेल.

पुढची गोष्ट बोलायला अवघड आहे. तरी घरातल्या कर्त्या बाईने ती माहीत करून घ्यावी. या गोळीने काही थोड्या माणसांच्या मनाचा लगाम सैल होतो. कधी हातात पत्ता न धरलेला माणूस तिरट खेळायला बसतो. मटका लावतो. मोबाइलवर रमी खेळून सोयाबीनचे पैसे घालवतो. उगाच खरेदी करत सुटतो, किंवा शरीरसुखाची ओढ एकदम वाढते. हा माणसाचा बिघडलेला स्वभाव समजून भांडत बसू नका. औषधाचा परिणाम असेल, आणि डोस बदलला की तो जातो. माणसाला स्वतःला हे सहसा कळत नाही. तुम्हाला कळलं तर तुम्हीच डॉक्टरांना सांगा.

हृदयाच्या झडपांवरही लक्ष ठेवावं लागतं. गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, तिला टू-डी इको म्हणतात. दम लागू लागला, पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

ऑपरेशननंतर काहींना हायड्रोकॉर्टिसोन नावाची दुसरी गोळी असते. “स्टिरॉइड आहे, बंद करा” असं सांगणारे गावोगाव भेटतात. ही गोळी एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. तुमची ग्रंथी जे बनवत नाही तेच ती देते. ताप आला, उलट्या झाल्या तर ती वाढवावी लागते. किती, ते विचारून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद पाकिटात ठेवा.

अचानक, आधी कधी झालं नव्हतं असं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, बाजूचं दिसेनासं झालं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर रात्र असली तरी निघा. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

औषध लागू पडतंय का, हे आरशात बघून ठरवू नका. घाम कमी होईल, अंगठी सैल होईल, बरं वाटेल. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ. खरा हिशेब रक्ताच्या तपासणीत आहे, तिचं नाव आयजीएफ-1. ठरलेल्या महिन्यात ती करा. दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा, म्हणजे आकडे जुळवता येतात. एमआरआयच्या फिल्म गादीखाली घालू नका. एक पिशवी करा, सगळं तिच्यात.

दाखवायचं कुठे? सुरुवातीला नांदेडकरांना विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. पुढे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जावं लागतं. मुंबईत परळच्या केईएममध्ये हार्मोनच्या आजारांचा मोठा विभाग आहे. आपल्याकडचे बरेच जण निजामाच्या काळापासूनच्या सवयीने हैदराबादला जातात, तिथे निम्स आहे. कुठेही जा, पण एकाच ठिकाणी टिका. मुंबईचे दोन महिने, हैदराबादचा एक, मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिसरीकडे, यात गाठ कुणाच्याच हिशेबात राहत नाही. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. देवगिरीचं किंवा लातूर एक्सप्रेसचं तिकीट काढलं की गोळ्या मोजा. प्रवासात गोळीचा वार येत असेल तर डबा आणि गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको.

पुण्याला किंवा अमेरिकेला असलेला तुमचा मुलगा कदाचित सांगेल, की इंजेक्शनातलं औषध आता कॅप्सूलमध्ये मिळतं. खरं आहे. ऑक्ट्रिओटाइडच्या कॅप्सूलला अमेरिकेत 2020 मध्ये परवानगी मिळाली, आणि रोज एकदा घ्यायच्या पाल्टुसोटिन नावाच्या गोळीला 2025 मध्ये. पण परदेशातून कुणाच्या हाती मागवून स्वतःच सुरू करू नका. ऑक्ट्रिओटाइडच्या कॅप्सूलचा नियम तुमच्या गोळीच्या अगदी उलट आहे. ती रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर किमान दोन तास. तुम्ही सवयीने जेवणासोबत घेतली तर ती अंगाला लागतच नाही.

आणि जाता जाता पोलीस भरतीच्या पोरांच्या आईबापांना. भरतीला मुलांना 165 सेंटिमीटर उंची लागते. ती भरावी म्हणून वाढीच्या हार्मोनची पावडर आणि गोळ्या विकणारे फिरतात. वाढीचं हार्मोन तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं, डाळीसारखं. ते इंजेक्शननेच देतात, तेही मुख्यतः ज्या मुलात खरोखर कमी आहे त्याला. त्या डब्यात काहीही असो, उंची नाही. ते पैसे पोराच्या दुधा-अंड्याला लावा.

आज संध्याकाळी एवढं करा. कॅलेंडर काढा, उपवास नसलेला वार बघा, त्यावर गोल करा. मग घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तो वार सांगा, आणि तुम्ही विसरलात तर रागवायचा हक्कही त्याला द्या.